बालवाडीसाठी उड्या मारायची साधनं कशी निवडावीत?

जूनमध्ये बालवाडी किंवा नर्सरी सुरू करायची म्हणून एप्रिल-मेपासून खरेदीला लागलेल्या ताई-दादांसाठी हे लिहिते आहे. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, टेबल-खुर्च्या, ठोकळे, लिहायचे फळे यांची खरेदी दुपारभरात उरकते. घोडं अडतं ते उड्या मारायच्या साधनांपाशी. दुकानदार ट्रॅम्पोलिन दाखवतो, कोणी रबरी घोडा दाखवतो, कोणी मोबाइलवर हवा भरून फुगवायच्या जंपिंगचे फोटो पाठवतो. सगळंच रंगीत, सगळंच 'एकदम सेफ'. पालकांना दाखवायलाही छान. पण तीन-साडेतीन वर्षांच्या पोराचं हाड या साधनांवर किती सहज मोडू शकतं, हे तिथे कोणी सांगत नाही.

गेली काही वर्षं मी बालवाडी चालवते आणि आसपासच्या तालुक्यांतल्या नव्या बालवाड्यांना साधनं निवडायला मदत करते. माझा क्रम ठरलेला आहे. आधी मुलांचं वय, मग जागा, मग माणसं आणि शेवटी दुकान. हा क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि धोकाही घरात येतो.

१. मुलांच्या वयापासून सुरुवात करा

साधारण अडीच वर्षांचं मूल दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारू लागतं. एका पायावर लंगडी घालणं चार वर्षांच्या आसपास जमतं. म्हणजे प्लेग्रुपमधलं मूल आणि सिनियर केजीतलं मूल यांच्या उडीत फार मोठा फरक आहे. दोघांना एकाच साधनावर सोडणं हा सगळ्यात मोठा धोका. मोठ्याच्या उडीने ताणलेला पृष्ठभाग वर येतो, नेमका त्याच क्षणी लहान मूल खाली येत असतं आणि सगळा धक्का त्याच्या पायात जातो. गुडघ्याखालचं नडगीचं हाड यातच मोडतं. डॉक्टर मंडळींत याला 'ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर' असं नावच पडलं आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली यावर सविस्तर भूमिका मांडली. ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सर्वांत लहान मुलाला सर्वांत जास्त धोका असतो, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. घरी खेळायला ट्रॅम्पोलिन वापरूच नये, हा त्यांचा सल्ला आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये, असं तिथल्या हाडांच्या डॉक्टरांची संघटनाही म्हणते. आपल्या बालवाडीतली झाडून सगळी मुलं सहाच्या आतली. त्यामुळे जाळीचं मोठं गोल ट्रॅम्पोलिन यादीतून आत्ताच काढा. जाळी लावली म्हणजे सुरक्षित झालं, असं होत नाही. जाळी बाहेर पडणं थोडंफार थांबवते, आतली टक्कर थांबवत नाही.

२. जागा आणि जमीन मोजा

टेप घ्या. साधनाच्या चारही बाजूंना निदान सहा फूट मोकळी जागा हवी. भिंत, खांब, खिडकीची चौकट, पायरी, हातपंप यांपैकी काहीही त्या सहा फुटांत येता कामा नये. वर पंखा आहे का, तेही पाहा. जुन्या वाड्यांत चालणाऱ्या बालवाड्यांचं छत बुटकं असतं आणि शिक्षिकेने मुलाला उचलून साधनावर ठेवलं की हात पंख्यापर्यंत पोचतात.

मग खालची फरशी. शहाबादी, कोटा, टाइल्स, सिमेंटचा कोबा, सगळं डोक्याला सारखंच कठीण. एक सेंटिमीटर जाडीच्या रंगीत जोडचटया कोब्यावर टाकल्या तर गुडघे खरचटत नाहीत एवढंच. डोक्यावर पडणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

अंगणात वाळू टाकणार असाल तर जाडी महत्त्वाची. चार फुटांवरून होणारं पडणं झेलायला सैल वाळूचा साधारण ९ इंचांचा थर लागतो. बालवाडीत इतकं उंच साधन नसावंच, पण थर तेवढाच धरा, कारण मुलांच्या पायांनी वाळू बाजूला सरकते. वाळू गोल कणांची, धुतलेली हवी. हल्ली नदीची वाळू मिळत नाही म्हणून ट्रॅक्टरवाला क्रश सँड आणून टाकतो. ती घेऊ नका. तिच्यात दगडाची भुकटी असते, एक पाऊस पडला की ती कोब्यासारखी घट्ट बसते. आणि वाळूवर रात्री ताडपत्री घाला, नाहीतर मांजरं त्यावर हक्क सांगतात.

३. माणसं मोजा

शिक्षिका किती, मदतनीस मावशी किती? उड्यांच्या प्रत्येक साधनापाशी एक मोठं माणूस हवं. ते फक्त तिथेच असलं पाहिजे. वर्गावर नजर ठेवत, डबे उघडून देत, फोनवर बोलत उड्यांकडे लक्ष देता येत नाही. दोन माणसं असतील तर उड्यांचं एकच साधन घ्या. मी हा हिशेब फार कडकपणे सांगते, कारण इथेच सगळे सूट घेतात. जास्तीचं साधन 'कोपऱ्यात राहील' म्हणून घेतलं जातं आणि कोपऱ्यात ते राहत नाही, मुलं त्याच्यापर्यंत पोचतातच.

४. कोणतं साधन घ्यायचं?

*फोमची गादी.* माझ्या मते बालवाडीची पहिली खरेदी हीच. उंची कमी, हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही. चार ते सहा इंच जाड घ्या. नुसता मऊ फोम घेतला तर उडी मारल्यावर पाय थेट फरशीला लागतो आणि घोटा मुरगळतो. म्हणून खालचा थर कडक, 'रिबॉन्डेड' (तुकडे दाबून बनवलेल्या) फोमचा आणि वरचा मऊ, निदान ४० डेन्सिटीचा करून घ्या. वर जाड रेक्झिनचं कव्हर, चेन खालच्या बाजूला लपलेली. दोन गाद्या शेजारी ठेवणार असाल तर मधे वेल्क्रो लावून घ्या, नाहीतर त्या फटीत पाय जातो. गादीखाली घसरू नये असं रबरी जाळीदार कापड टाका. हे काम गावातला सोफे शिवणारा कारागीर चांगलं करतो. पुण्या-मुंबईहून मागवायची गरज नाही.

आता एक खास आपल्याकडचा मोह. कापूस घरचाच आहे, पिंजारी ओळखीचा आहे, मग कापसाचीच गादी भरून घेऊ, असं पुष्कळ जण म्हणतात. कापसाची गादी झोपायला उत्तम. उड्यांखाली ती महिन्याभरात दबते, मधे खड्डा आणि कडेला गोळे होतात, पावसाळ्यात ओल धरते. उड्यांसाठी ती नको.

गादीबरोबर १५ ते २० सेंटिमीटर उंचीची एक रुंद, न डुगडुगणारी पायरी करून घेतली तर मुलांना 'वरून' उडी मारल्याचा पूर्ण आनंद मिळतो. चारचौघांत सांगते, मुलांना उंची नको असते, पुन्हा पुन्हा उडी मारायला मिळालेली हवी असते.

*बसून उड्या मारायचा रबरी प्राणी.* घोडा, गाय, हरीण अशा आकारात मिळतो. चार पाय असल्याने लोळत नाही, म्हणून अडीच-तीन वर्षांच्या मुलांना बरा. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टाचा उचललेल्या दिसल्या तर तो प्राणी त्या मुलासाठी मोठा आहे.

*मुठीचा मोठा चेंडू.* हा चार वर्षांपुढच्यांसाठी. वर दोन मुठी किंवा कडी असते. इथेही तळपायांचीच कसोटी. हवा भरताना पंक्चरच्या दुकानात नेऊ नका. तिथला कॉम्प्रेसर क्षणात चेंडू दगडासारखा टणक करतो. हातपंपाने भरा आणि अंगठ्याने दाबल्यावर थोडा आत जाईल एवढीच हवा ठेवा. आपल्याकडे उन्हाने आतली हवा आणखी फुगते, तेवढी जागा ठेवायलाच हवी. बूच पूर्ण आत बसलेलं आहे ना, हे रोज पाहा. बाहेर आलेलं बूच तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकतं.

*दांडीचं छोटं ट्रॅम्पोलिन.* साधारण तीन-सव्वातीन फूट व्यासाचं, समोर धरायला दांडी असलेलं. वर दिलेला डॉक्टरांचा सल्ला लक्षात घेता मी हे घ्या असं म्हणत नाही. एखाद्या मुलासाठी फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेल, तर त्यांच्या देखरेखीखाली वापरायला घ्यावं. तेव्हा लोखंडी स्प्रिंगऐवजी इलॅस्टिक दोऱ्यांचं पाहा, कडेचं आवरण जाड आणि पक्कं शिवलेलं पाहा, पायांना रबरी टोप्या पाहा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असू शकतो. अशा मुलाला कोणत्याही उड्यांच्या साधनावर नेण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

*स्प्रिंगवरचा घोडा.* अंगणात पक्का रोवलेला. तीन वर्षांपुढच्यांना चांगला, पण बसवण्यात लोक चुकतात, त्याबद्दल पुढे लिहिते.

ज्यांच्याकडे यातलं काहीच घ्यायला पैसे नाहीत त्यांनी मन लहान करू नये. खडूने आखलेल्या चौकटी, बेडूकउड्या, जमिनीवर ठेवलेल्या सुतळीवरून उडी, हे सगळं चालतं. मातीच्या अंगणात तर फार छान चालतं.

५. दुकानात काय तपासायचं?

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खेळण्यांचं मानक आयएस ९८७३. त्याच्या वेगवेगळ्या भागांत धारदार कडा, सुटे भाग, पेट घेण्याची शक्यता, रंगातले विषारी धातू, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं यांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. घरगुती झोके, घसरगुंड्या आणि तशाच खेळांसाठी भाग ४ आहे.

चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर भारतीय मानक ब्युरोचं 'बीआयएस केअर' ॲप उघडून तो क्रमांक घाला. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का, ते दिसतं. हे दुकानात उभं राहूनच करा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान. नुसतं चिन्ह छापलेलं, खाली क्रमांकच नाही, असा माल बाजारात फिरतो.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, सार्वजनिक बागेत बसवतात तशी पक्की मैदानी साधनं या खेळण्यांच्या मानकात मोडत नाहीत. तिथे बनवणाऱ्याकडून वयोगट, वजनमर्यादा आणि बसवण्याची पद्धत लेखी घ्या. दुसरी, पुष्कळ खोक्यांवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं बारीक अक्षरात असतं. घरी एक-दोन मुलं वापरतील असं धरून ते बनवलेलं असतं. तुमच्याकडे रोज तीस मुलं बसणार. असं साधन घेतलंच तर ते घरातल्यापेक्षा कितीतरी लवकर झिजेल, हे धरून चाला.

हाताने करायच्या तपासण्या:

- पूर्ण साधनावरून तळहात फिरवा. शिवण, वेल्डिंग, प्लास्टिकची जोडरेषा कुठेही टोचता कामा नये.
- लहान मुलाचं बोट जाईल अशी फट हलणाऱ्या भागांत नको.
- डोकं अडकेल अशी फट तर मुळीच नको. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची कोणतीही मोकळी जागा धोक्याची समजा. त्यात अंग जातं आणि डोकं अडकतं.
- वास घ्या. उग्र, डोकं धरणाऱ्या वासाचा माल परत ठेवा.
- डोळे, शिंग, बटणं चिकटवलेली असतील तर ओढून पाहा. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा भाग तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोकादायक धरतात. घरातल्या घरात अंदाज घ्यायला सेलो टेपचं आतलं बारकं गोल भोक चालतं, पण त्यापेक्षा मोठ्या वस्तूंबाबतही सावध राहा.

मागून घ्यायची आणि फाइलला लावायची कागदपत्रं: पक्कं बिल (त्यावर मॉडेलचं नाव हवंच), परवाना क्रमांकाचा फोटो, वयोगट आणि वजनमर्यादेचं लेबल, बसवण्याची माहितीपत्रिका, वॉरंटी कार्ड, सुटे भाग कुठे मिळतील तो पत्ता. 'बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो' याला बळी पडू नका. बिल नसलेल्या साधनाचा वाली कोणी नसतो.

६. बसवताना काळ्या मातीला विसरू नका

तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत काहीही रोवणं हे वेगळंच काम आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. मे महिन्यात पक्का बसवलेला स्प्रिंगचा घोडा ऑगस्टमध्ये डुलायला लागतो, तो यामुळे. बसवणारा कारागीर म्हणतो, 'सिमेंट जास्त टाका.' सिमेंट जास्त टाकून उपयोग नाही. खड्डा रुंद खणा, काळी माती काढून टाका, तळाला आणि भोवती मुरूम भरून धुमसा, मग त्यात काँक्रीटचा पाया घ्या. पाणी पायाशी साचू नये म्हणून उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर दिसता कामा नये. त्याच्यावर वाळू हवी, कारण मूल घोड्यावरून पडतं ते नेमकं तिथेच.

बोल्टांवर गोल टोप्या बसवा. पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत बोल्ट पुन्हा आवळा.

७. ऊन, वळीव, पाऊस

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. मार्चपासूनच उघड्यावरचं रेक्झिन, रबर आणि लोखंड सकाळी दहानंतर मुलांच्या मांड्यांना चटका देण्याइतकं तापतं. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर त्या दिवशी खेळ बंद. गडद रंगापेक्षा फिके रंग घ्या आणि साधन निंबाच्या किंवा शेडच्या सावलीत ठेवा. उन्हाने रबर कडक होऊन तडकतं. वाकवून पाहिल्यावर बारीक रेषा दिसू लागल्या की त्याचं आयुष्य संपलं.

पावसाळ्यात गाद्या उभ्या करून ठेवा. गादीखाली आणि ताडपत्रीखाली विंचू बसतो. मुलं येण्याआधी मावशींनी रोज काठीने उचलून पाहावं. हे कधीही चुकवू नका.

८. स्नेहसंमेलनासाठी भाड्याचं जंपिंग

अमळनेरची यात्रा, सारंगखेड्याची यात्रा, सगळीकडे मुलं हवेच्या 'मिकी माऊस'साठी हट्ट धरतात. मग स्नेहसंमेलनाला पालकच म्हणतात, एक जंपिंग लावा. मी बालवाडीच्या वयाला ते लावू नये या मताची आहे. तरी लावायचंच ठरलं तर एवढं पाहा.

पहिलं, वारा. युरोपीय मानकानुसार ताशी ३८ किलोमीटरच्या वर वारा गेला की हवेचं साधन वापरायचं नाही. झाडाच्या लहान फांद्या आणि छोटी झाडं डोलू लागली की थांबा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, डेव्हनपोर्टच्या एका शाळेच्या मैदानावर असं जंपिंग वाऱ्याने उचललं गेलं आणि सहा मुलांचा जीव गेला. आपल्याकडे एप्रिल-मेतली वावटळ काही न सांगता येते. त्या दोन महिन्यांत उघड्यावर जंपिंग नकोच.

दुसरं, बांधणी. निदान सहा ठिकाणी खुंट्या, पूर्ण ठोकलेल्या. विटा ठेवून किंवा दोरी दुचाकीला बांधून काम भागवणाऱ्याला परत पाठवा.

तिसरं, वीज. हवा भरणारा पंखा थांबला की जंपिंग मुलांवर बसतं. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर हवा आणि लाइट गेल्याबरोबर मुलांना दारातून बाहेर घेणारी दोन माणसं हवीत. पंखा आणि वायर मुलांच्या हाताबाहेर, आडोशाला.

एका वेळी एकाच वयाची, मोजकी मुलं सोडा. मोठी भावंडं बाहेर.

९. मुलांचे आणि पालकांचे नियम

मुलांसाठी नियम तीनच ठेवा, ते पाठ होतात. एका वेळी एकच. अनवाणी. कोलांटउडी नाही. पाळी ठरवायला आम्ही सगळ्या वर्गाला मोठ्याने एक ते वीस म्हणायला लावतो. वीस झाले की उतरायचं. वाट पाहणारी मुलं मोजण्यात रमतात, भांडण होत नाही आणि अंकही पक्के होतात.

चढण्याआधी गळा आणि हात पाहा. ओळखपत्राची दोरी, गळ्यातला काळा दोरा, ताईत, पैंजण, बांगड्या, लोंबते कानातले, टोकदार हेअरक्लिप. ओळखपत्र आपणच गळ्यात घालतो आणि आपल्यालाच ते काढायचं सुचत नाही. ताईत किंवा काळा दोरा काढण्याविषयी आजी-आजोबांशी आधीच बोला. पहिल्या पालकसभेत एखादी आजी विचारतेच, "मना नातू पडना तं?" तिला साधन दाखवा, गादी दाबून दाखवा, दोरा का काढायचा ते सांगा. दोरा मनगटाला घट्ट बांधायला बहुतेक जणी आनंदाने तयार होतात.

डबा खाल्ल्यावर अर्धा तास उड्या नाहीत. तोंडात गोळी, शेंगदाणा असताना तर कधीच नाही.

पालकांकडून संमतिपत्र घ्या. त्यात मुलाचे आजार, आधीचं फ्रॅक्चर, फिट येण्याचा इतिहास आणि लगेच लागेल असे दोन फोन नंबर विचारा. संमतिपत्र घेतलं म्हणून जबाबदारी सरकत नाही, ते माहिती मिळवण्यासाठी आहे.

१०. नोंदवही आणि दुखापत

दोनशे पानी वही पुरते. रोज सकाळी मावशींची सही: खालची जागा साफ, हवा ठीक, बूच आत, शिवण शाबूत, विंचू-किडा नाही. आठवड्यातून एकदा शिक्षिकेने बोल्ट, फाटलेलं आवरण, वाळूचा थर तपासायचा. कोणी पडलं, लागलं तर वेळ, साधन आणि काय केलं ते लिहायचं. एकाच साधनापुढे दोन-तीनदा नोंद आली की ते साधन बंद करून कारण शोधा.

मूल पडल्यावर पाय टेकवत नसेल तर सूज नाही म्हणून घरी पाठवू नका. लहान मुलांच्या नडगीची चीर बाहेरून दिसत नाही, चालायला नकार हेच लक्षण असतं. एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून उलटी झाली, मूल गुंगीत गेलं, किंवा मान दुखते म्हणालं, तर त्याला न हलवता १०८ ला फोन करा. हा नंबर आणि जवळच्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर साधनाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

बाद झालेलं साधन मागच्या खोलीत टाकू नका आणि दुसऱ्या बालवाडीला दानही देऊ नका. चेंडू, रबरी प्राणी कात्रीने कापा, गादीचं कव्हर फाडा, घोड्याची स्प्रिंग वेगळी करा आणि मगच भंगारवाल्याला द्या, म्हणजे ते पुन्हा एखाद्या अंगणात उभं राहणार नाही.